पत्ता नंतर, अंगठा आधी

मुंबईत नव्यानं उतरलेल्या कुटुंबाला मदत करायला बसलेला कार्यकर्ता पहिल्या दिवशी हमखास एक चूक करतो. आधार कार्ड हातात घेतो, उलटं करून दरभंगा किंवा किनवटचा पत्ता वाचतो आणि म्हणतो, "आधी हा पत्ता बदलून टाकू." मग घरमालकाकडे खेटे, करार, नोटरी, आमदारांच्या कार्यालयातलं पत्र, आधार केंद्रावरची रांग. महिना-दीड महिना यातच जातो. तेवढ्या दिवसांत घरात विकतचा तांदूळ येतो, पोर शाळेविना गल्लीत हिंडतं, नऊ महिन्यांच्या बाळाची गोवराची लस हुकते. आणि या तिन्हींपैकी एकालाही मुंबईचा पत्ता लागत नव्हता.

म्हणून वस्तीत मदत कट्टा चालवणाऱ्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट पाठ करावी: कुठला कागद कशावाचून अडतो आणि कुठला अजिबात अडत नाही. बाकीचं सगळं त्यानंतर.

दुसऱ्या देशांत हा क्रम वेगळा असतो, आणि तो चुकला तर किंमत फार मोठी पडते. अमेरिकेत ओहायो राज्यातलं स्प्रिंगफील्ड सुमारे ६० हजार वस्तीचं गाव. तिथे आणि आसपासच्या भागात मिळून गेल्या काही वर्षांत आलेल्या हैतीच्या लोकांची संख्या १२ ते १५ हजार असावी, असा तिथल्या प्रशासनाचा अंदाज होता. २०१० चा भूकंप, जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची झालेली हत्या, राजधानी पोर्तोप्रॅन्सवर टोळ्यांनी बसवलेला कब्जा अशा एकामागून एक कारणांनी ही माणसं देश सोडून निघाली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याविषयीची कुत्री-मांजरं खाल्ल्याची अफवा आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही फिरली. त्यांना मदत करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न मात्र तारखांचा असतो. तिकडे परदेशी माणसानं घर बदललं की १० दिवसांत सरकारला कळवायचं. त्याचं प्रकरण इमिग्रेशन कोर्टात असेल, तर कोर्टाला वेगळं आणि ५ दिवसांत कळवायचं. एका ठिकाणी सांगितलं म्हणजे दुसरीकडे कळलं असं होत नाही. कोर्टाची नोटीस जुन्या खोलीवर जाते, माणूस तारखेला गैरहजर राहतो आणि त्याच्या पाठीमागे देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघतो. आश्रयासाठीचा अर्ज साधारणपणे आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि कामाच्या परवान्यासाठी त्या अर्जानंतरही काही महिने थांबावं लागतं. म्हणजे तिकडच्या कट्ट्यावर पत्त्याचं काम पहिल्या दिवसाचं.

आपल्याकडे पहिल्या दिवसाचं काम पत्त्याचं नाही, मोबाइल नंबरचं आहे.

गावचं सिम फेकू देऊ नका

मुंबईत उतरलेला मुलगा आठवड्याभरात नवं सिम घेतो, कारण जुन्याचं रिचार्ज संपलेलं असतं. जुनं सिम पाकिटाच्या कप्प्यात जातं आणि तिथून हरवतं. प्रीपेड नंबर सुमारे ९० दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळानं दुसऱ्या कुणाला देऊ शकते. आता त्या मुलाच्या आधारचा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या फोनवर. बँक, ई-श्रम, पीएफ, डिजिलॉकर, सगळीकडे एकच रड: ओटीपी येत नाही.

यावर इलाज सोपा आहे, फक्त वेळेत व्हायला हवा. आधारला जोडलेला नंबर कुठला, हे पहिल्याच भेटीत विचारा. तो आठवत नसेल तर आधारच्या संकेतस्थळावर मोबाइल पडताळणीची सोय आहे. नंबर बदलायला आधार केंद्रावर कुठलाही पुरावा लागत नाही, अंगठा पुरतो. पत्ता बदलायचं पुढे केव्हाही पाहू, पण हे काम पहिल्या पंधरवड्यात उरका. तोवर जुन्या नंबरवर छोटं रिचार्ज मारून तो जिवंत ठेवा.

रेशन

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचं रेशन कार्ड देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. २०१९ मध्ये चार राज्यांपासून सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये आसाम जोडलं गेलं आणि देश पुरा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, आणि २०२३ पासून हे धान्य फुकट. दुकानदाराला कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगायचा आणि मशीनवर अंगठा द्यायचा, एवढंच. कार्ड बिहारचं आहे, नांदेडचं आहे, "आमच्या दुकानाला जोडलेलं नाही" या कारणांनी दुकानदाराला नकार देता येत नाही. दिलाच, तर १४४४५ हा मदत क्रमांक आहे. बहुतेक वेळा तो क्रमांक दुकानदारासमोर नुसता फिरवायला घेतला तरी काम होतं.

तरीही लोक रिकाम्या पिशवीनं परततात. त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे गावी राहिलेल्या आई-वडिलांनी त्या महिन्याचं पूर्ण धान्य आधीच उचललेलं असतं. मशीन शून्य दाखवतं आणि इथे दुकानदाराशी भांडण जुंपतं. कुटुंबाचा वाटा फोडून घेता येतो, काही किलो गावी आणि उरलेले इथे. पण त्यासाठी दुकानात जाण्याआधी गावी फोन करून ठरवावं लागतं. दुसरं, महिनाअखेर. बाहेरच्या कार्डांसाठी दुकानातला साठा काही वेगळा काढून ठेवलेला नसतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात गेलेल्याला "माल संपला" हे बहुधा खरंच ऐकावं लागतं. पहिल्या दहा दिवसांत जा. तिसरं कारण ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून पडताळणी. घरातल्या एखाद्याचं राहिलं असेल तर त्याच्या वाट्याचं धान्य अडतं. हे काम करायला गावी जायची गरज नाही, ते इथल्या दुकानातही होतं. त्यांच्या राज्य सरकारनं आपल्या पदरचं काही जादा दिलं, डाळ किंवा तेल, तर ते मात्र इथे मिळत नाही. ते आधीच सांगून टाका, म्हणजे वाद होत नाही.

चौथं कारण म्हणजे अंगठा. सिमेंट कालवणारा, भांडी घासणारी, लाद्या बसवणारा, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. कामावरून थेट दुकानात नेलं तर मशीन हमखास नापास करतं. हात साबणानं धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाला पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात फिरवून पुन्हा पुसा. काच पुसा, हे दुकानदार कधीच करत नाही. दहाही बोटं लावून पाहा. बऱ्याच जणांचं अनामिकेवर जमतं, कारण त्या बोटावर कामाचा भार कमी येतो. तरीही नाही झालं, तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट. काम बंद असलेल्या चार-पाच दिवसांनंतर गेलात तर ठसे चांगले उमटतात. होळीनंतरचा आठवडा त्यासाठी झकास.

दवाखाना

महापालिकेचं आरोग्य केंद्र आणि 'आपला दवाखाना' यांच्या दारात कुणी रहिवासाचा पुरावा मागत नाही. गर्भवती बाई असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात नाव घालून माता-बाल संरक्षण कार्ड काढा. गावी झालेल्या सोनोग्राफीचे कागद चुरगळलेले असले तरी सोबत न्या. बाळाचं लसीकरण कार्ड हरवलंय म्हणून आई लाजून जातच नाही, असं फार होतं. कार्ड हरवलं म्हणजे लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागतात असं नाही. जिथे थांबल्या तिथून पुढे देतात. अंगणवाडीतही बाळाचं नाव गावाहून इथे वळवता येतं. गावच्या सेविकेचा फोन नंबर असला तर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपमधलं ते काम पटकन होतं.

क्षयरोगाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. गावी उपचार सुरू झाले, दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, माणूस कामासाठी मुंबईला आला आणि गोळ्या सुटल्या. सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट राहिला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग दाटीच्या खोलीत आठ जणांना धोका. नव्या माणसाला थेट "टीबी आहे का" विचारलं तर तो नाही म्हणणार, कारण खोलीतून काढतील ही भीती. "गावी काही गोळ्या रोज चालू होत्या का?" असं विचारा. हो म्हणाला तर 'निक्षय'चा, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा नंबर शोधा. तो गावच्या सरकारी दवाखान्याच्या कागदावर असतो. त्या नंबरावर उपचार मुंबईच्या केंद्राकडे वळवता येतात, नव्यानं सुरुवात करावी लागत नाही. पोषणासाठीचे महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात, म्हणून खातं चालू आहे ना हेही त्याच बैठकीत पाहा. आणि ही माहिती कट्ट्याच्या वहीत लिहू नका. वही सगळ्यांच्या हातात जाते.

शाळा आणि आडनावाचा घोळ

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामीळ, तेलुगू, कन्नड. शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही म्हणून, शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून किंवा वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचं, अशी तरतूद आहे. मुख्याध्यापक बहुतेक चांगले असतात. अडवतो तो प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, ज्यात आधीच्या शाळेचा विद्यार्थी क्रमांक टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. गावच्या शाळेतल्या गुरुजींना फोन लावून तो क्रमांक घेणं हे कट्ट्याचं काम. आई-बाप हे फोन करत नाहीत, त्यांना गुरुजींची भीती वाटते.

पालकांची एक चूक आवर्जून थांबवा. नऊ वर्षांच्या पोराला "काही येत नाही हो त्याला" म्हणून पहिलीत बसवायचा आग्रह धरतात. सहा-सात वर्षांच्या पोरांत तो उंच पोर दोन महिन्यांत शाळा सोडतो. दुसरी चूक जन्मतारखेची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जी तारीख पडेल ती दाखल्यावर, तिथून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तिथून पासपोर्टवर जाते. आपल्याकडे १ जून आणि उत्तरेत १ जानेवारी अशी पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेली माणसं आहेत. आधारवर एक आणि रजिस्टरमध्ये दुसरी तारीख पडली की ती पोर अठराव्या वर्षी वकिलाच्या दारात उभी राहते. फॉर्म भरताना दोन्ही कागद शेजारी ठेवून तारीख मोठ्यानं वाचा.

नावाचं तर विचारू नका. आपला फॉर्म आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा तीन चौकटींचा. बिहारच्या बाईचं नाव 'सुनीता देवी', नवऱ्याचं 'रामबाबू कुमार', पोराचं 'अंकित राज'. आडनाव कुणालाच नाही. खिडकीवरचा माणूस सवयीनं 'देवी' आडनावाच्या चौकटीत टाकतो, बँकेत 'कुमार', शाळेत नवऱ्याचं नाव मधे. वर्षभरात एका बाईची चार नावं. हैतीच्या लोकांची रड नेमकी हीच आहे. तिथे ज्याँ, पिएर, लुई ही नावंही आहेत आणि आडनावंही. 'ज्याँ पिएर' या माणसाचं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं हे अमेरिकी कारकुनाला कळत नाही, उलटसुलट टाइप होतं, आणि पुढे दोन कागदांवरची माणसं वेगळी ठरतात. उपाय दोन्हीकडे एकच: एक कागद मूळ धरायचा. आपल्याकडे आधार. त्यावर इंग्रजीत जसं स्पेलिंग आणि जो क्रम, तोच सगळीकडे. आडनाव नसेल तर ती चौकट मोकळी सोडा. ऑनलाइन फॉर्म सोडू देत नसेल, तर काय भरलं ते कुटुंबाच्या कागदावर लिहून द्या आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तेच भरा.

भाषेबद्दलही हैतीकडून घेण्यासारखं आहे. बाहेरच्या संस्था तिथल्या लोकांसाठी पत्रकं फ्रेंचमध्ये छापत, कारण हैती म्हणजे फ्रेंच असं पुस्तकात वाचलेलं. प्रत्यक्षात घरोघर बोलली जाते ती क्रेओल. फ्रेंच नीट येणारे थोडे. १९८७ च्या राज्यघटनेनं क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीनं राजभाषा केलं, तरी पत्रकं छापणाऱ्यांची सवय जाईना. आपली फ्रेंच म्हणजे हिंदी. "हिंदी येतं ना?" विचारलं की मैथिली, भोजपुरी किंवा गोरमाटी बोलणारी बाई मान हलवते. दवाखान्यात गोळी जेवणाआधी की नंतर, हे तिला समजलेलं नसतं. समजलं का, असं विचारू नका. तिलाच उलट सांगायला लावा: "ताई, आता ही गोळी कशी घ्यायची ते मला सांगा." दहा वर्षांच्या मुलीला आईची दुभाषी करून प्रसूतिगृहात उभं करणं तर अजिबात नको. आई तिच्यासमोर अर्धं बोलत नाही, आणि उरलेलं अर्धं पोरीला पेलत नाही.

बँक, गॅस

इथे फार अडत नाही. आधारवर गावचा पत्ता असला तरी बँकेत सध्याचा पत्ता स्वतःच्या सहीनिशी जाहीर करता येतो. काहीच कागद नसतील तर फोटो आणि सहीवर 'छोटं खातं' उघडतं. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला काढायची मर्यादा १० हजार, आणि मुदत १२ महिने. तेवढ्यात कागद जमतात. गॅससाठी ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्ता लागत नाही. फुटपाथवर बेकायदा भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. तिथे वजनातही मारतात आणि जीवालाही धोका.

खोली

जुन्या मुंबईनं पत्त्याचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला होता. लालबाग-परळमध्ये गावकऱ्यांचा गाळा असे. एकेका खोलीत गावचे वीस-पंचवीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपणारे, प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक ट्रंक. जेवण खानावळीत. धोबीतलावला गोव्याच्या खलाशांचे कुड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा होत्या, गावागणिक एक, महिन्याची ठरलेली वर्गणी. गावाहून आलेल्याची पत्रं तिथे यायची, नोकरीची बातमी तिथे लागायची, जामीन तिथेच मिळायचा. खानावळी चालवणाऱ्या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच जगातून. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर ते जग विरलं. आजच्या नवख्याला गाळा नाही, एजंट आहे.

एजंट सांगतो, "नोटरीचा करार करून देतो, सगळीकडे चालतो." नाही चालत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. खर्च वाटतो तेवढा नाही. समजा भाडं ८,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून व्याज सुमारे ४,६००. बेरीज ९२,६०० च्या आसपास, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे २३० ते २३५ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. वर ऑनलाइन हाताळणीचा किरकोळ आकार. एजंट याचेच चार-पाच हजार सांगतो. हा हिशेब कट्ट्याच्या भिंतीवर लावून ठेवावा. त्यानं सगळे एजंट सुधारत नाहीत, पण आकडा कमी होतो.

झोपडपट्टीतला मालक नोंदणीला तयार होत नाही. त्याला कागदावर भाडेकरू नकोच असतो. तिथे हट्ट धरून खोली घालवू नका. दर महिन्याचं भाडं यूपीआयनं द्या, शेऱ्यात महिना लिहा, आणि डिपॉझिट दिल्याची सही साध्या वहीत घ्या. पुढे डिपॉझिट बुडायची वेळ आली तर तेवढंच हाती राहतं. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला देण्याचं काम मालकाचं आहे, त्याची वेगळी फी कुणाला देऊ नका.

आता पत्ता बदलण्याचं. नोंदणीकृत करार असेल तर आधारचा पत्ता त्यावर बदलतो. नसेल तर आमदार, खासदार, नगरसेवक किंवा गट अ राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. त्याची मुदत ३ महिने, त्यामुळे आधी आणून घरात ठेवण्यात अर्थ नाही. घरात एकाचा पत्ता बदलला की बाकीच्यांचा कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं ऑनलाइन होतो, संमती ३० दिवसांत द्यायची. पण त्याआधी कुटुंबाला विचारा: परत जायचंय का? आधारचा पत्ता बदलल्यानं फारसं बिघडत नाही, पण त्याच्या मागोमाग लोक गावच्या रेशन कार्डातून नाव कमी करून आणतात, मतदार यादीतलं नाव हलवतात. इथे नवं कार्ड मिळेपर्यंत मधल्या काळात ना इकडचं धान्य ना तिकडचं. गावचं कार्ड मुंबईत चालत असताना हे कशाला? दोन-तीन वर्षं टिकून राहिले आणि मुलं इथल्या शाळेत रुळली, मग हलवा.

भिशी आणि सोल

नवख्याला पैसा लागतो तो डिपॉझिटसाठी, एकरकमी. बँक देत नाही, सावकार आठवड्याच्या व्याजानं देतो. उरते भिशी. हैतीत हिला 'सोल' म्हणतात, आणि मायामीपासून माँट्रियलपर्यंत हैतीचे लोक गेले तिथे ती सोबत गेली. चालवणाऱ्या बाईला 'मान्मान सोल', म्हणजे भिशीची आई, आणि ज्या महिन्यात रक्कम मिळते त्या पाळीला 'हात' म्हणतात. शेतातल्या कामाला एकमेकांकडे जायची त्यांची 'कोंबित'ही आपल्या इर्जिकेची सख्खी बहीण शोभेल. 'हात पुष्कळ असले तर ओझं जड होत नाही' ही तिथली म्हण आहे. पण नुसत्या म्हणीवर भिशी चालत नाही.

बारा जण, हजार रुपये, बारा महिने. दर महिन्याला एकाला बारा हजार. नवख्याला पहिला नंबर दिला आणि तो तिसऱ्या महिन्यात ठेकेदाराबरोबर पुण्याला गेला, तर उरलेले अकरा जण बुडाले. शेवटचा नंबर दिला, तर त्याची गरज तोवर संपलेली. म्हणून नवख्याचा नंबर चौथा किंवा पाचवा ठेवावा, आणि त्याला मुंबईत आणणाऱ्यानं त्याच भिशीत जामीन राहावं. जामीनदाराचा नंबर नेहमी नवख्यानंतरचा. हा नियम मोडला की जामिनाला अर्थ राहत नाही, कारण ज्याचे पैसे आधीच खिशात पडलेत तो जामीन कशाला भरेल?

हप्ते चुकण्याचे महिने ठरलेले आहेत. कोकणच्या माणसाचा गणपतीचा आणि शिमग्याचा, बिहारच्या माणसाचा छठचा, सगळ्यांचा मे आणि शाळा उघडतात तो जून. त्या महिन्यांचा हप्ता आधीच्या दोन महिन्यांत फोडून घ्या. चिठ्ठीची भिशी ठीक, लिलावाची भिशी नवख्यासाठी नको. गरजू माणूस बारा हजारांचे नऊ हजार घेऊन उठतो आणि पुढचे महिने पूर्ण हजार भरत राहतो. एकाच बाईनं दोन भिश्या चालवू नयेत. एकीचं भोक दुसरीनं बुजवायला लागली की समजावं, दोन्ही बुडणार. प्रत्येक सभासदाकडे आपली वही, आणि हप्ता घेताना दोन्ही वह्यांवर सही.

कट्टा चालवताना

वेळ रात्री आठ ते दहा, आणि रविवारी सकाळी. सरकारी वेळेत बसलात तर ज्याची मजुरी बुडत नाही असाच माणूस येईल. तीन जण पुरतात: एक कागद पाहणारा, एक सोबत जाणारा, एक वही लिहिणारी. सोबत जाणारा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच भागातून आलेला असावा. तीस वर्षं मुंबईत काढलेल्या काकांना पहिल्या महिन्याची भीती आठवत नाही.

मूळ कागद कट्ट्यावर ठेवून घ्यायचे नाहीत, एका रात्रीसाठीही नाही. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कामाचं नाव आणि तारीख लिहा. आधारचे फोटो ग्रुपवर टाकू नका. लागलंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार वापरा. ओटीपी त्या माणसानं स्वतः टाकावा, वाचता येत नसेल तर आकडे मोठ्यानं सांगा पण बोट त्याचं. झेरॉक्सवाल्याशी 'सेटिंग' नको. माणसं पाठवण्याचे दहा रुपये कट्ट्यावर आले की महिन्याभरात वस्तीत त्याचे शंभर होऊन फिरतात.

गावी जाणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्यावी. शाळेचा दाखला आणि विद्यार्थी क्रमांक, रेशन कार्डाची प्रत, आणि सगळ्यात वर मुलांचे जन्मदाखले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे बऱ्याच ठिकाणी जन्मदाखला हाच वयाचा पुरावा आहे. जन्माची नोंद जन्म झाला तिथेच होते, मुंबईत बसून ती करता येत नाही. २१ दिवसांत फुकट, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकाची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई दीड महिन्यानं परत येते ती बऱ्याचदा नोंद न करताच. जाण्याआधीच तिच्या फोनमध्ये एकविसाव्या दिवसाचा गजर लावता येत नाही, कारण तारीख माहीत नसते. म्हणून बाळ झाल्याचा फोन कट्ट्यावर आला, की वही लिहिणारीनं जन्माच्या दिवसापासून वीस दिवस मोजायचे आणि तिला आपणहून फोन करायचा.